गाईड कोण मिळाला?

पीएचडीला नाव नोंदवलेल्या मुलाला किंवा मुलीला घरात, गावात, ओळखीपाळखीत पहिला प्रश्न विचारला जातो, तो विषयाचा नसतो. ‘गाईड कोण मिळाला?’ असे विचारतात. विषय काय घेतला, हे नंतर. कधी कधी ते विचारलेच जात नाही.

‘मिळाला’ हे क्रियापद नीट ऐकण्यासारखे आहे. नोकरी मिळते, खोली मिळते, स्थळ मिळते, तसा गाईड मिळतो. म्हणजे त्यात निवड कमी आणि नशीब जास्त, असे सगळ्यांनीच धरून चाललेले असते. पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘माणूस चांगला आहे ना?’ या ‘चांगला’त विद्वत्तेची चौकशी नसते. वेळेवर सही देतो का, दिलेले प्रकरण वाचतो का, घरची कामे सांगत नाही ना, मुलींशी नीट वागतो ना, एवढेच त्यात असते. चार-सहा वर्षांच्या आयुष्याचा प्रश्न असल्याने आईवडील तो काळजीने विचारतात आणि त्यांची काळजी रास्त असते. या प्रस्तावनेचा विषय हाच आहे: संशोधनातला मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे नाते निकोप कशाने होते, आणि ते नशिबावर न सोडता घडवता येते का.

रायगड जिल्ह्यातल्या पालीसारख्या गावातून पाहिले की या नात्याचे वजन जास्त कळते. खोपोलीहून वाकण फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, अंबा नदीच्या काठचे हे गाव सुधागड तालुक्याचे ठिकाण आहे. गावाला रेल्वे नाही. पदवीपर्यंत इथे शिकता येते. संशोधन करायचे तर मुंबई नाही तर पुणे. मार्गदर्शक शहरात, विद्यार्थी गावात आणि मध्ये एसटीचे काही तास. शहरातल्या विद्यार्थ्याला ‘आज सर आले नाहीत’ याचा अर्थ उद्या पुन्हा चक्कर एवढाच होतो. पालीहून गेलेल्याचा त्यात अख्खा दिवस, दिवसाची मजुरी किंवा रजा आणि गाडीभाडे जाते. घरात पहिल्यांदाच कोणी एवढे शिकत असेल, तर ‘सर भेटले नाहीत’ हे घरी समजावून सांगणेही अवघड जाते.

पालीची ओळख अर्थात बल्लाळेश्वराची आहे. अष्टविनायकांपैकी भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती. बल्लाळ नावाच्या मुलाला गणेशाचे वेड लागले, गावची मुले त्याच्या नादी लागली, म्हणून त्याच्या बापाने, कल्याण शेठने, त्याला मारले आणि झाडाला बांधून ठेवले. मग देव त्याच्यासाठी आला आणि त्याचे नाव घेऊन तिथेच राहिला, अशी ही कथा. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण मोठ्याने लहानाचे नाव घ्यावे, ही त्यातली गोष्ट संशोधनाच्या जगाला फार जवळची आहे. मार्गदर्शकाचे नाव विद्यार्थ्याला चिकटते, हे नेहमीचेच. ‘अमक्यांचा विद्यार्थी’ म्हणून पहिली काही वर्षे निघतात. उलटे क्वचित घडते. घडते तेव्हा ते नाते जवळून पाहावे.

एडविन कॅनन हे नाव आज महाराष्ट्रात कोणाला माहीत असेल, तर ते बहुधा एका विद्यार्थ्यामुळे. कॅनन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. आंबेडकर 1916 साली कोलंबियाहून लंडनला आले, शिष्यवृत्ती संपल्यामुळे 1917 साली अर्ध्यावरून परतले आणि पैसे जमवून 1920 साली पुन्हा गेले. 1922 साली त्यांनी डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. आहे त्या रूपात तो मान्य झाला नाही. त्यांना मुंबईला परतावे लागले आणि इथूनच प्रबंध सुधारून पाठवावा लागला. 1923 साली पदवी मिळाली आणि त्याच वर्षअखेरीस तो प्रबंध पुस्तकरूपाने लंडनमध्ये निघाला. त्याला प्रस्तावना आहे कॅनन यांची.

ही प्रस्तावना प्रत्येक गाईडने एकदा वाचावी. त्या काळी हिंदुस्थानात जी सुवर्ण-विनिमय चलनपद्धती चालू होती, तिला जॉन मेनार्ड केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाचा पाठिंबा होता. केन्स यांचे हिंदुस्थानच्या चलनावरचे पुस्तक 1913 साली आले होते. आंबेडकरांनी त्या पद्धतीवर कडाडून टीका केली. कॅनन प्रस्तावनेत सरळ लिहितात की, या पद्धतीबद्दलचा आंबेडकरांचा विरोध त्यांना मान्य नाही आणि तिच्याविरुद्धचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. एवढे म्हणून ते थांबत नाहीत. काही मुद्दे आंबेडकरांनी अचूक पकडले आहेत, जिथे ते चुकले असे वाटते तिथेही त्यांच्या विचारांतला ताजेपणा विचार करायला लावतो आणि प्रत्यक्ष उपायाच्या बाबतीत तर त्यांचेच बरोबर असावे, असेही ते नोंदवतात. आंबेडकरांनी आपल्या बाजूने कॅनन यांचे आभार मानले, तेही नेमक्या कारणासाठी: गुरूने सिद्धांताच्या भागाची कठोर तपासणी केली, त्यामुळे अनेक चुका टळल्या.

मार्गदर्शकाला निष्कर्ष पटला नव्हता. तरी त्याने प्रबंध अडवला नाही, विद्यार्थ्याला आपल्या मताकडे वळवून घेतले नाही, तपासणीही सैल केली नाही. मतभेद छापील पानावर, दोघांच्या नावांसह, जगाला वाचायला ठेवला. आंबेडकर तेव्हा कोणी मोठे नेते नव्हते. महाडचे चवदार तळे अजून चार वर्षे दूर होते. एका वसाहतीतून आलेला, पैशांची ओढाताण सोसणारा विद्यार्थी आणि लंडनमधला नावाजलेला प्राध्यापक यांच्यात सत्तेचे अंतर केवढे होते, हे सांगायला नको. त्या अंतरावरून पाहिले म्हणजे प्रस्तावनेतल्या नकाराची किंमत कळते. त्या नकारात विद्यार्थ्याला बरोबरीचा मान होता.

कोलंबियातल्या प्रबंधाचे पुस्तक 1925 साली आले, तेव्हा त्यालाही गुरूची, एडविन सेलिग्मन यांची, प्रस्तावना होती. दोन विद्यापीठे, दोन गुरू, दोन प्रस्तावना. आपल्याकडे आंबेडकरांच्या विद्वत्तेबद्दल पुष्कळ बोलले जाते. त्या विद्वत्तेला जागा करून देणाऱ्या या दोन अध्यापकांबद्दल त्या मानाने फारच कमी.

याच्या उलट टोकाची कथाही मराठीच आहे. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक. फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे नामांकित पुरस्कर्ते. त्यांच्या सहलेखनातले आनुवंशिकतेवरचे पुस्तक पुढे नाझी विचाराला आधार म्हणून वापरले गेले. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला मानवी कवटीच्या असमानतेचा. कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते. या फरकाचा वंशाशी संबंध असावा आणि तो गोऱ्या युरोपीयांच्या बाजूने निघावा, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी संस्थेतल्या कवट्या मोजल्या. संबंध निघाला नाही. त्यांनी तसेच लिहिले. प्रबंध मंजूर झाला, 1930 साली पदवीही मिळाली. गुण मात्र अगदी तळाचे मिळाल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

परक्या देशात, परक्या भाषेत, संचालकाच्या आवडत्या गृहीतकाविरुद्ध जाणारे आकडे घेऊन त्याच्याच दालनात जायचे, याला काय लागत असेल याची कल्पना करावी. आज एखाद्या विद्यापीठात विद्यार्थ्याच्या हाती असे आकडे आले की त्याच्यापुढे तीन वाटा असतात. आकडे दाबायचे, विषय वळवायचा किंवा बोलून पाहायचे. तिसरी वाट धरायला तो धजतो की नाही, हे त्याच्या धैर्यापेक्षा मार्गदर्शकाने आधीच्या दोन वर्षांत काय वातावरण ठेवले यावर ठरते. इरावतीबाईंचे धैर्य असामान्य होते म्हणून विज्ञान तरले. विद्यार्थ्यांच्या असामान्य धैर्यावर कोणतीही व्यवस्था उभी करता येत नाही.

इरावतीबाईंचे पहिले गुरू मात्र इथलेच, कोकणातले: गोविंद सदाशिव घुर्ये. 1893 साली मालवणात जन्मलेले घुर्ये केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकायला गेले. जून 1922 मध्ये रिव्हर्स अचानक वारले. परदेशात, प्रबंध अर्धा असताना गुरू जाणे म्हणजे काय, ते ज्याच्यावर गुजरते त्यालाच कळते. ए. सी. हॅडन यांनी त्यांना पुढे नेले आणि काम पूर्ण झाले. संस्था म्हणून ही व्यवस्था तिथे होती, एक गेला तरी विद्यार्थी उघडा पडला नाही. आपल्याकडे मार्गदर्शक निवृत्त झाले, बदलून गेले, आजारी पडले की विद्यार्थी वर्षभर कार्यालयाचे उंबरे झिजवतो, असे अनुभव संशोधकांच्या कोणत्याही बैठकीत ऐकायला मिळतात.

घुर्ये 1924 पासून 1959 पर्यंत मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अक्षय रमणलाल देसाई असे एकमेकांपासून दूरच्या विचारांचे लोक त्यांच्या हाताखालून गेले. भारतीय समाजशास्त्राची एक अख्खी पिढी त्यांनी घडवली, यात शंका नाही. तरीही सगळी नाती गोड राहिली नाहीत. श्रीनिवासांनी मुंबईत घुर्यांकडे कूर्ग प्रदेशातल्या लोकांवर पीएचडी केली, मग 1945 साली ते ऑक्सफर्डला गेले आणि रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या हाताखाली तीच सामग्री नव्या दृष्टीने मांडून त्यांनी 1952 साली आपले गाजलेले पुस्तक काढले. टिपणे तीच, प्रश्न विचारणारा बदलला आणि पुस्तक वेगळे झाले. पुढे गुरु-शिष्यांतला दुरावा दोघांच्याही लेखनातून लोकांसमोर आला. त्यात कोणाचे बरोबर होते हे ठरवण्याची ही जागा नव्हे. विद्यार्थी गुरूच्या चौकटीबाहेर गेला, तर तो विश्वासघात मानायचा की शिक्षण पूर्ण झाल्याची खूण, हा प्रश्न मात्र तिथून घ्यायचा आहे. मराठी संगीताला याचे उत्तर फार आधी सापडले होते. भास्करबुवा बखले फैज मोहम्मद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे शिकले. त्याने त्यांचे गाणे बाटले असे कोणी म्हणत नाही.

विज्ञानातही अशा जोड्या आहेत. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी झाले, तेव्हा हॉईल यांचा स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धांत वादाच्या भोवऱ्यात होता. नवख्या विद्यार्थ्याने या वादात पडू नये, म्हणून हॉईल यांनी सुरुवातीला त्यांना वेगळे प्रश्न सुचवले. ही काळजी लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या लढाईत विद्यार्थ्याला शिपाई म्हणून उतरवणारे गाईड पुष्कळ असतात. मग 1961 च्या सुरुवातीला मार्टिन राईल यांनी रेडिओ-स्रोतांच्या मोजणीवरून हा सिद्धांत खोटा ठरल्याचे जाहीर केले. उत्तराची गणिते हॉईल आणि नारळीकरांनी मिळून केली. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ती मांडायची वेळ आली, तेव्हा हॉईल यांचे दुसरीकडे व्याख्यान होते. त्यांनी नारळीकरांना उभे केले. नारळीकर तेव्हा बावीस वर्षांचे होते, समोर खुद्द राईल. तो सिद्धांत पुढे मागे पडला, त्याची वैज्ञानिक बाजू वेगळी. पण गाईडने स्वतःचे प्रतिष्ठेचे काम विद्यार्थ्याच्या तोंडून जगासमोर येऊ दिले, हे तिथे घडले. नारळीकरांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात हा काळ आपुलकीने सांगितला आहे.

कमला सोहोनींच्या वाट्याला वेगळे आले. कमला भागवत म्हणून 1933 साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ बाई म्हणून तो नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर, पूर्ण प्रवेश न देता, त्यांना घेतले गेले. रात्री-अपरात्री गाईड म्हणतील तेव्हा काम करायचे आणि संस्थेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित करायचे नाही, अशाही अटी होत्या. हा अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत आणि म्हातारपणी त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला. पण त्याच संस्थेत त्यांना गाईड मिळाले श्रीनिवासय्या, कामाला कडक आणि शिकवायला मोकळे. दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर त्यांनी तिथे काम केले. पुढे केंब्रिजला बटाट्यातल्या पेशींवर काम करताना सायटोक्रोम सी वनस्पतीतही असते, हे त्यांनी दाखवले आणि 1939 साली अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएचडी मिळाली. संस्थेचा दरवाजा एकाने अडवला होता आणि आतली खुर्ची दुसऱ्याने पुढे केली होती. असा दुसरा माणूस भेटेल की नाही, हे आजही अनेकींच्या बाबतीत योगायोगावरच आहे.

श्रेयाचा प्रश्न याहून रोजचा आहे आणि तो फार कडवट होतो. शोधनिबंधावर कोणाचे नाव आधी? विद्यार्थ्याने उन्हातान्हात गोळा केलेली सामग्री कोणाची? 1967 साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने रेडिओ-दुर्बिणीच्या कागदी पट्ट्यांवर पहिल्या पल्सारची खूण ओळखली. 1974 चे नोबेल तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्युइश यांना, मिळाले. बेलबाईंनी स्वतः त्यावर कधी कडवटपणे तक्रार केली नाही, पण जगाने तो प्रश्न अजून सोडलेला नाही.

याबाबतीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाहावे. हसमुख धीरजलाल सांकळिया तिथे 1939 साली आले. त्यांना स्वतःला मुंबईत फादर हेरास यांनी घडवले होते. नालंदा विद्यापीठावरचे त्यांचे पहिले पुस्तक त्याच काळातल्या अभ्यासातून आले. सांकळियांनी पुरातत्त्व ग्रंथालयातून उचलून नदीकाठी नेले. नाशिक-जोर्वे, महेश्वर-नावडाटोली, नेवासे. या उत्खननांचे अहवाल उघडले की मुखपृष्ठावर त्यांच्या नावाबरोबर शां. भा. देव, बी. सुब्बाराव, झेड. डी. अन्सारी ही तेव्हाच्या तरुण सहकाऱ्यांची नावे आहेत. आणि इनामगावचा मोठा अहवाल 1988 साली निघाला, त्यावर पहिले नाव म. के. ढवळीकरांचे आहे, सांकळियांचे दुसरे. तेव्हा सांकळिया ऐंशीच्या घरात होते आणि त्यांच्या नावाला जगभर मान होता. मुखपृष्ठावरचा हा क्रम ज्यांनी ठरवला, त्यांना श्रेय म्हणजे काय ते कळले होते.

आता नियमांकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये पीएचडीचे नवे नियम काढले. प्राध्यापकाने एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा, सहायक प्राध्यापकाने चार विद्यार्थी घ्यावेत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील, तर नवा विद्यार्थी घेऊ नये. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असावी आणि दर सत्रात त्याने तिच्यापुढे प्रगती मांडावी. मुदत सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रिया आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्याहून दोन जास्त. स्त्रियांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आणि लग्नामुळे गाव बदलले तर संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोय. लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आणि प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती आहेच. कागदावर हे वाईट नाही.

अडचण कागदापुढे सुरू होते. सल्लागार समितीत बसतात ते मार्गदर्शकाचेच शेजारच्या खोलीतले सहकारी. त्यांच्यापुढे ‘सर सहा महिने प्रकरण वाचत नाहीत’ असे कोण म्हणणार? फेलोशिपच्या कागदावर सही त्याच सरांची लागते. जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन फेलोशिप 2023 पासून महिना 37 हजार रुपये झाली. ज्या घरात तेवढे पैसे दुसऱ्या कोणत्याच मार्गाने येत नाहीत, तिथे सही थांबली की किराणा थांबतो. त्यात जात आली की गोष्ट आणखी जड होते. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने 2007 साली दाखवून दिले होते की, दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून मिळणारा वेळ आणि आधार इतरांसारखा नसतो. सुधागडच्या कातकरी-ठाकूर वाड्यांतून उद्या कोणी संशोधनाला गेले, तर त्याला हीच भिंत लागू नये, ही जबाबदारी आजच्या मार्गदर्शकांची आहे.

गाईडची बाजूही मांडायला हवी, नाही तर हे लेखन अप्रामाणिक होईल. महाविद्यालयातल्या अध्यापकाला तास असतात, परीक्षा असतात, नॅक मूल्यांकनाच्या फायली असतात, निवडणुकीची ड्यूटी असते. नाव नोंदवून तीन वर्षे गायब राहिलेला विद्यार्थी मुदत संपताना चारशे पाने घेऊन येतो आणि ‘सर, एवढे आठ दिवसांत बघा’ म्हणतो. इकडून तिकडून उचललेले परिच्छेद गाईडला ओळखावे लागतात आणि ते निसटले तर बदनामी त्याची होते. पदोन्नतीसाठी, घरच्यांच्या आग्रहाखातर, नावापुढे डॉक्टर लावण्यासाठी येणाऱ्यांना जिज्ञासा कोठून आणून द्यावी, हा प्रश्न चांगल्या अध्यापकांना खरोखर छळतो. असे अध्यापक थकतात तेव्हा त्यांना विचारणारेही कोणी नसते.

म्हणून पहिल्याच महिन्यात दोघांनी समोरासमोर बसून काही गोष्टी लिहून काढाव्यात, असा या प्रस्तावनेचा आग्रह आहे. किती दिवसांनी भेटायचे. बाहेरगावचा विद्यार्थी असेल तर कोणती भेट फोनवर चालेल आणि कोणती नाही. प्रकरण दिल्यावर किती दिवसांत परत मिळेल. निबंधावर नावांचा क्रम कशावरून ठरेल, टिपणे आणि छायाचित्रे कोणाच्या ताब्यात राहतील. विद्यार्थी महिनाभर दिसला नाही तर काय, आणि गाईडने दोनदा भेट चुकवली तर काय. पटलेच नाही तर गाईड बदलायचा अर्ज कोणाकडे. हे ऐकून काहींना वाईट वाटते. गुरु-शिष्यांत करारपत्र कशाला, असे ते म्हणतात. पण आपल्याकडे सख्खे भाऊसुद्धा सातबारा वेगळा करून घेतात आणि मग गणपतीला एकत्र बसतात. लिहिलेले असले म्हणजे भांडण कामाचे राहते, माणसाचे होत नाही.

भाषेबद्दल वेगळे सांगायला हवे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत लिहायला घाबरतो, आणि गाईड लाल शाईने वाक्ये खोडत राहिला की त्याला वाटते विचारच चुकला. विचार कोणता आणि व्याकरण कोणते, हे दोन वेगळ्या बैठकांत सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो. ‘अरे, हे काय लिहिलेस?’ आणि ‘हे तुला कसे सुचले?’ यांतला दुसरा प्रश्न विचारायला जास्त वेळ लागत नाही. ‘सर’ आणि ‘अरे’ या दोन संबोधनांतले अंतर आपल्या समाजात लगेच मिटणार नाही. पण ‘सर, मला तसे वाटत नाही’ हे वाक्य त्या अंतरावरूनही बोलता आले पाहिजे आणि ऐकून घेता आले पाहिजे.

पालीच्या आसपास संशोधनाला विषय कमी नाहीत. उन्हेऱ्याचे गरम पाण्याचे झरे आहेत. सरसगड आणि सुधागड आहेत. एके काळी भोर संस्थानात असलेला हा मुलूख आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी ठाणाळ्याची आणि खडसांबळ्याची बौद्ध लेणी आहेत, ज्यांवर हेन्री कझिन्स यांची पुस्तिका 1891 साली निघाली. चौलच्या बंदरातून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटा याच भागातून चढतात. चौलला तर डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खननही केले आहे. या वाटांवर वाढलेल्या मुलाला इथली जागा ठाऊक असते, पद्धत ठाऊक नसते. शहरातल्या मार्गदर्शकाचे नेमके उलटे असते. दोघांनी एकमेकांना शिकवावे, इतके ते सरळ आहे. सांकळिया आणि इरावतीबाई 1940 च्या दशकात गुजरातेत लांघणजच्या टेकाडांवर उत्खननासाठी बरोबर गेले होते. इरावतीबाईंची नातेसंबंधांवरची पुस्तके गावोगाव हिंडून झाली. दालनातल्या टेबलाच्या दोन बाजूंना बसणारी माणसे शेताच्या बांधावर शेजारी शेजारी चालतात, तेव्हा बोलणे वेगळे होते.

मुंबई-पुण्याच्या मार्गदर्शकांना म्हणून एक विनंती. विद्यार्थी रायगडचा असेल, तर वर्षातून एकदा तरी त्याला न बोलावता स्वतः यावे. वाकण फाट्यावर उतरून पालीची गाडी धरावी, त्याच्या घरी जेवावे आणि त्याच्या विषयाची जागा त्याच्याच पायांनी पाहावी. ठाणाळ्याची वाट दिवाळीनंतर चालायला चांगली असते.